फाळक्यावरची गर्दी



इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने निमाडात उतरलं, की गुजरी मागे पडते आणि धामनोद येतं. आम्हाला महेश्वरला वळायचं होतं. त्याआधी चहाला थांबलो आणि समोरच्या ट्रकचा फाळका वाचत बसलो.

मधोमध ‘हॉर्न ओके प्लीज’. महाराष्ट्राने २०१५ साली हे लिहायला बंदी केली, लोक वाचून उगाच भोंगे वाजवतात म्हणून. हा ट्रक मध्य प्रदेशचा. बाजूंना दोन मोर. खाली रात्री डिपर वापरायची विनंती, नंबरावर लिंबू-मिरची, दिव्यांभोवती पाकळ्या. बोटभर जागा मोकळी नाही. तरी मागून येणाऱ्याला नंबर, दिवे, इशारा क्षणात सापडतात, कारण बहुतेक ट्रकवर ते ठरल्या जागीच असतात.

वेबसाइटवाले अशा भरगच्च मांडणीला मॅक्झिमलिझम म्हणतात. मधली कित्येक वर्षं पांढऱ्या, रिकाम्या पडद्यांची चलती होती. हवं ते सगळं कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे. ती खूण मूळची झेरॉक्स स्टार या १९८१ च्या संगणकावरची, नॉर्म कॉक्स यांनी काढलेली. दिसायला सुबक, पण माझ्या मावशीला त्या रेघा दाबायच्या असतात हे कळायला दोन दिवाळ्या गेल्या. तीच मावशी कालनिर्णयच्या खच्चून भरलेल्या पानावर संकष्टीचा चंद्रोदय चष्मा पुसेपर्यंत शोधून काढते. १९७३ पासूनचं ते कॅलेंडर. एकेका चौकोनात तिथी, नक्षत्र, सणवार. पडद्यावर असलं पान कोणी मांडलं, तर आधी त्यालाच नावं ठेवतील.

अर्थात गर्दी केली की झालं, असं नाही. बसचं तिकीट काढताना चार जाहिराती अंगावर धावून येतात, त्याला मी नटवेपणाही म्हणणार नाही. तो नुसता धक्काबुक्कीचा प्रकार. ट्रकवरचा मोर दिव्यावर कधी बसत नाही.

चहा संपेस्तोवर शेजारच्या टपरीपुढे एक पेंटर दुसऱ्या ट्रकवर अक्षरांना पिवळी सावली देत होता. काम संपलं. ड्रायव्हरने चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि उजव्या कोपऱ्यातल्या तळहाताएवढ्या जागेवर बोट ठेवलं. “भैया, ये खाली क्यों छोड़ा?”

पेंटरने मुकाट्याने गुलाबी डबा उघडला.