माळ्यावरचा माऊस
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या काळात घरोघरी कॉम्प्युटर आले, जुने झाले आणि माळ्यावर गेले. त्या माळ्यावरच्या माऊसबद्दल आज दोन शब्द बोलतो.

आपल्याला वाटतं, असली वस्तू कारखान्यातच होते. पण जगातला पहिला माऊस १९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी बनवला, तो होता लाकडी ठोकळ्याचा! खाली दोन चाकं, वर एक बटण. आपल्या पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तीच वाट औशातही धरता येते.

आपल्याच सोसायटीतल्या एका लेकराची बोटं माऊसवर नीट वळत नाहीत. सुटीत बाकीची लेकरं खेळायची, अन् ते मागं उभं राहून बघायचं. त्याच्यासाठी आम्ही पुठ्ठ्याचं बटण केलं.

कृती सोपी आहे. वायरवाला जुना यूएसबी माऊस कॉम्प्युटरपासून काढून उघडायचा. डाव्या बटणाखाली एक बारका स्विच असतो. दाबल्यावर त्याचे जे दोन पाय जोडले जातात, त्यांना दोन वायरी सोल्डर करून बाहेर काढायच्या. जाड पुठ्ठा वहीसारखा दुमडायचा. आतल्या दोन्ही बाजूंना पोळ्या गुंडाळायचा फॉईल चिकटवायचा. फॉईलला सोल्डर धरत नाही, म्हणून वायरींची टोकं सोलून एकेका बाजूला चिकटपट्टीनं पक्की करायची. मधे मोठं भोक पाडलेला स्पंजचा तुकडा ठेवायचा. वरून दाबलं की भोकातून फॉईलला फॉईल लागतो अन् क्लिक होतं. हात उचलला की स्पंज फुगतो, बटण सुटतं.

दाब तळहाताचा, कोपराचा की पायाचा, कॉम्प्युटरला काय त्याचं! एका क्लिकवर उडी मारायचा खेळ लावला, आणि ते लेकरू कोपरानं खेळलं. आता बाकीच्यांना स्वतःच्या पाळीसाठी थांबावं लागतं.

यूएसबीत पाचच व्होल्ट असतात, त्यामुळं झटक्याची भीती नाही. पण सोल्डरिंग मोठ्यांनीच करावं, आणि या वायरी भिंतीतल्या प्लगजवळ कधीही नेऊ नयेत, हे लेकरांना बजावून सांगा.

माझी विनंती एवढीच. सोसायटीच्या ऑफिसात एक खोकं ठेवू. जुने माऊस, कीबोर्ड भंगारात न देता त्यात टाका. रविवारी सकाळी तासभर लेकरांना घेऊन बसू. ज्याचा हात जसा चालतो, तसं त्याचं बटण करू. आपल्या अंगणात कुणी लेकरू नुसतं बघत उभं राहू नये.