हाताला काम, बोलायला माणूस



आज शाळेच्या या कार्यक्रमात ज्यांना बक्षिसं मिळाली त्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांनी पडदा ओढला, सतरंज्या घातल्या, लहान मुलांचे फेटे बांधले आणि स्वतः एकदाही प्रकाशात आले नाहीत, त्यांचंही तितकंच अभिनंदन.

दुपारी मुख्याध्यापिका बाईंनी मला तुमची खाऊगल्ली दाखवली. सातवीच्या मुलींच्या भेळेच्या गाड्यावर हिशोबाची वही होती. मुरमुरे, फरसाण, कांदा, चिंच, गूळ, कोथिंबीर, सगळं ओळीनं लिहिलेलं. मी विचारलं, "भाव कसा ठरवला?" त्यातली एक म्हणाली, "आधी दहा रुपये ठरवले होते. मग लक्षात आलं, द्रोणांचे पैसे धरलेच नाहीत. म्हणून पंधरा केले." नफा-तोट्याचं गणित पुस्तकात सोडवताना खरेदीची किंमत आपल्याला दिलेली असते. इथं ती या मुलींना शोधून काढावी लागली. कशाकशाचा खर्च धरायचा हे ठरवणं म्हणजेच तर ते गणित समजणं!

मला आज पालकांशी अशा शिकण्याबद्दलच बोलायचं आहे. मुलं शिकावीत म्हणून आपण खूप धडपडतो. शिकवणी लावतो, वह्या-पुस्तकं आणतो, संध्याकाळी "अभ्यास झाला का?" असं दहादा विचारतो. यात मुलांवरची मायाच असते. पण आपल्या घरात शिकण्यासारखं किती आहे, याकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. मूल चांगलं शिकावं असं वाटत असेल, तर घरानं त्याला दोन गोष्टी द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे: हाताला खरं काम आणि बोलायला माणूस.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या भिंतीवर एक दिनदर्शिका असेल, आणि तिच्या चौकोनांत दुधाचा हिशोब असेल. रोज दीड लिटर दूध, दोन दिवस खाडा, पाहुणे आले त्या दिवशी अर्धा लिटर जास्त. हा हिशोब पाचवी-सहावीतल्या मुलाच्या हाती द्या. तीस दिवसांतून दोन खाडे गेले, अठ्ठावीस उरले. अठ्ठावीस दीडे बेचाळीस, त्यात अर्धा मिळवला की साडेबेचाळीस लिटर. साठ रुपये भाव असेल तर २,५५० रुपये. आपल्या आजी-आजोबांनी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ केली ती अशाच व्यवहारांसाठी. दूधवाल्या काकांचा आकडा आणि मुलाचा आकडा जुळला नाही, तर चूक कुठे झाली हे मूल स्वतः शोधेल. तिथं लाल शाईची गरज पडत नाही.

आता विजेचं बिल घ्या. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, दोन्हींची वजाबाकी म्हणजे वापरलेली युनिटं. एक हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. म्हणजे दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट संपलं, आणि जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा तेवढ्याच विजेत तेरा तासांहून जास्त फिरतो. हे ज्या मुलीनं स्वतः मोजलं, तिला गीझर बंद कर म्हणून सांगावं लागत नाही. ती घरातल्या सगळ्यांना सांगते.

आणि स्वयंपाकघर! तिथं तर रोज विज्ञानाचा तास चालू असतो. विरजण लावताना आई दुधाला बोट लावून का बघते? दूध कडकडीत असेल तर विरजणातले जिवाणू मरतात, फार गार असेल तर ते सुस्त पडतात. म्हणून थंडीत दही लागायला वेळ लागतो. तीन वाट्या घ्या, एकीत गरम दूध, दुसरीत कोमट, तिसरीत फ्रिजमधलं. तिन्हींत सारखंच विरजण घाला आणि सकाळी मुलाला बघायला सांगा. किंवा गव्हाची पोळी लाटता येते, मग ज्वारीची भाकरी थापावी का लागते, हे विचारा. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, त्यामुळे ती ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नसतं. म्हणून तर आपल्या आया-आज्या पीठ गरम पाण्यात भिजवतात. त्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरीला चिरा पडत नाहीत. हे ज्ञान आपल्या बायकांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते मुलांपर्यंत शब्दांतून पोचवणं एवढंच राहिलं आहे.

इथंच दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे बोलणं. नुसतं काम केल्यानं शिकणं होत नाही. दोन घरांतली दोन मुलं विरजण लावतील. एका घरात दही लागलं नाही तर आई म्हणेल, "जाऊ दे, उद्या मी लावते." दुसऱ्या घरात मूल विचारेल, "आई, का नाही गं लागलं?" आणि आई म्हणेल, "तुला काय वाटतं? काल आणि आज काय वेगळं केलंस?" काम दोघांनी केलं, पण विचार दुसऱ्या मुलानं केला. उत्तर लगेच देऊ नका. मुलाला त्याच्या मनानं उत्तर शोधू द्या, चुकलं तरी चालेल.

काही पालकांच्या मनात आत्ता हे आलं असेल, की आम्ही फार शिकलेलो नाही, आम्ही मुलांशी काय बोलणार? त्यांना मी बहिणाबाई चौधरींची आठवण करून देईन. जळगावजवळच्या आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी गाणी रचली, त्यांच्या मुलानं, कवी सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं ती टिपून ठेवली, आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. आज शिकली-सवरलेली माणसं ती अभ्यासतात. अक्षर येत नाही म्हणजे विचार येत नाही, असं नसतं. तुम्ही मुलाला एवढंच म्हणा, "आज शाळेत काय शिकलास ते मला सांग." ते सांगताना त्याला कळेल की आपल्याला किती कळलंय. आजीला वर्तमानपत्रातली एक बातमी रोज वाचून दाखवायला मुलाला सांगा. आजी मध्येच विचारेल, "म्हणजे काय रे?" त्या प्रश्नाचं उत्तर देणारं मूल नुसतं वाचत नाही, वाचलेलं समजून घेतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे. त्याचा एक अंक घरात आला तरी महिनाभराच्या गप्पांची सोय होते. आणि हे सगळं घरच्या बोलीत बोला. वऱ्हाडी असो, अहिराणी असो, मालवणी असो, ती बोली हा मुलाच्या विचाराचा पाया आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत मुलांना घरच्या भाषेतून शिकवा असंच सांगतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मुलाला कामात घेणं वेगळं आणि कामासाठी शाळेतून काढणं वेगळं. कामामुळे ज्यांची शाळा सुटते त्या मुलांचं काय करायचं, याचं उत्तर शोधलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचं असे आणि गुरं चारायला न्यायची असत. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, आई-बापांना दिला नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. ताईनं धाकट्या भावाला पाळणाघरात ठेवायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. गुराखी मुलांसाठी शाळा कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. शिकवण्याचं साहित्य म्हणजे खडे, बिया, पानं, शंख-शिंपले, जे आजूबाजूला मिळेल ते. बालवाडी घराच्या अंगणात न्यायची त्यांची कल्पना पुढं देशभर अंगणवाडी म्हणून पोचली. कोसबाडनं मुलांच्या आयुष्याकडे पाहून शाळा बदलली. आपल्या गावात आज एखाद्या मुलीची शाळा घरकामामुळे किंवा ऊसतोडीच्या स्थलांतरामुळे तुटत असेल, तर ती शाळा जोडून देणं ही शाळा समितीची आणि आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.

आणि काम मुलगा-मुलगी असा भेद न करता द्या. भाकरी दोघांनी थापायची, बिल दोघांनी वाचायचं. बहीण भांडी घासते आणि भाऊ अभ्यासाला बसतो, अशा घरात दोघंही चुकीचा धडा शिकतात.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की गृहपाठात कधीतरी घरालाच पुस्तक करा. "तुमच्या घरचं विजेचं बिल पाहून सांगा", "आजोबांच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे ते विचारून लिहा", असे प्रश्न द्या. उत्तरं सगळ्यांची वेगळी येतील, तपासायला वेळ लागेल. पण कॉपी करता येणार नाही, आणि शेतमजुराच्या घरातलं मूलसुद्धा वर्गात काहीतरी नवं सांगू शकेल. आपल्या घरालाही वर्गात किंमत आहे हे त्या मुलाला कळणं फार मोलाचं आहे.

पालकांनो, तुम्ही दमून घरी येता हे मला माहीत आहे. शेतातून, कारखान्यातून, दुकानातून. म्हणून मी फार मागत नाही. रोज पंधरा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवा, तुमचा आणि मुलांचाही. जेवताना बोला. मुलाला घरातलं एक काम कायमचं द्या, ज्याची सगळ्यांना गरज आहे असं. ते चुकलं तर रागावू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच करू द्या.

आणि मुलांनो, तुम्हाला एकच सांगते. मोठी माणसं काम करताना त्यांच्या शेजारी उभे राहा आणि विचारा, "हे असंच का करतात?" गवंड्याला ओळंबा का लागतो ते विचारा, आत्याला लोणच्यात इतकं मीठ का घालतेस ते विचारा, बाबांना पेरणीच्या आधी बियाण्याला औषध का चोळता ते विचारा. ज्यांना उत्तर येईल ते आनंदानं सांगतील. ज्यांना येणार नाही, त्यांच्याबरोबर बसून शोधा, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न वर्गात सरांना, बाईंना विचारा. असे प्रश्न रोज ज्या शाळेत येतात, त्या शाळेची प्रगती कुणी थांबवू शकत नाही.

उद्या संध्याकाळी तुमच्या घरातलं कोणतं काम तुम्ही स्वतःकडे घेणार, हे आज घरी जाताना आई-बाबांशी बोलून ठरवा.