ट्रॅक्टरच्या बॅटरीत वीज येते कुठून?



मृगाचा पाऊस पडून गेलाय, रानाला वाफसा आलाय, पेरणीयंत्र जोडून ट्रॅक्टर उभा आहे. तुम्ही किल्ली फिरवता आणि नुसता 'टक्' असा आवाज येतो. मग चार माणसं गोळा करून धक्का मारायचा, नाहीतर बॅटरी उतरवून तालुक्याला न्यायची. तोवर वाफसा काही तुमच्यासाठी थांबत नाही.

ही पाळी पुष्कळदा एका गैरसमजामुळे येते. आपण म्हणतो, "बॅटरीत वीज भरून आणली." पण हौदात पाणी भरावं तशी वीज बॅटरीत भरलेली नसते. आपण मागू तेव्हा ती तिथल्या तिथे तयार होते. कशी, ते पाहू.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात. प्रत्येक खणात दोन जातींच्या प्लेटा असतात. एक राखाडी, सच्छिद्र शिशाची, ती ऋण. दुसरी चॉकलेटी रंगाची, शिसं आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची, ती धन. दोन्ही पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात, म्हणजे आपण ज्याला ॲसिड म्हणतो त्यात बुडालेल्या असतात. राखाडी शिशाचा ॲसिडशी संयोग झाला की विजेचे सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, त्या प्लेटवर मागे राहतात. चॉकलेटी प्लेट मात्र इलेक्ट्रॉन घ्यायला टपलेली असते. एकीकडे दाटी, दुसरीकडे ओढ. या फरकालाच विद्युतदाब म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात.

जुन्या मंडळींना मोट आठवत असेल. बैल पाणी वर ओढून थारोळ्यात आणत. तिथून पुढे ते पाटानं आपसूक वाहत जाई. बॅटरीत बैलांचं काम रसायनं करतात. पाण्याची उंची म्हणजे व्होल्ट आणि पाटातून किती पाणी वाहतं ते म्हणजे अँपिअर. किल्ली बंद असते तेव्हा पाट अडवलेला असतो. दाब असतो, प्रवाह नसतो. किल्ली फिरवली की इलेक्ट्रॉन तारेतून, सेल्फमधून धावत चॉकलेटी प्लेटकडे जातात. ॲसिडमधले भारित कण आतल्या आत फेरा पुरा करतात.

एका खणाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. तो प्लेटांच्या पदार्थांवर ठरतो, आकारावर नाही. प्लेटा मोठ्या आणि जास्त असल्या तर प्रवाह जास्त मिळतो आणि जास्त वेळ टिकतो. सहा खण एकापुढे एक जोडले की १२ व्होल्ट होतात. म्हणूनच एक खण निकामी झाला तर बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास येते. दिवा मिणमिणतो, पण सेल्फ फिरत नाही. त्याला शेकडो अँपिअर लागतात.

आता खरी मेख ऐका. वीज देता देता दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसत जातं आणि ॲसिड पातळ होतं. चार्जिंग केलं की हे सगळं उलट फिरतं. १८५९ साली फ्रान्सच्या गॅस्टन प्लाँते यांनी अशी पुन्हा भरता येणारी बॅटरी केली, ती याच गुणावर. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर सल्फेटचे कठीण खडे होतात आणि ते चार्जिंगनंही नीट विरघळत नाहीत. उन्हाळाभर छपरात उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी मरते ती अशी. न वापरताही ती हळूहळू उतरत असते.

म्हणून एवढं करा :

१. ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर ऋण टर्मिनलची तार काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी.

२. बुचं असलेल्या बॅटरीत प्लेटा नेहमी बुडालेल्या असाव्यात. पातळी घटल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या पाण्यातले क्षार प्लेटांचा नाश करतात. ॲसिड वरून घालू नये. उडून जाते ते पाणी.

३. काही तास विश्रांतीनंतर मीटरवर १२.६ व्होल्ट दिसल्यास बॅटरी भरलेली समजावी. १२ च्या खाली आल्यास लगेच चार्ज करावी.

४. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर प्रवाह अडवतो. बुचं घट्ट लावून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, कोरडे करावे, तारा घट्ट बसवून वरून व्हॅसलीन लावावे.

५. तारा काढताना आधी ऋण, जोडताना शेवटी ऋण.

६. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तो भडकतो. जवळ बिडी-काडी नको, जागा मोकळी हवी.

७. ॲसिड डोळ्यांत किंवा अंगावर उडाल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे. डोळ्यांत गेल्यास डॉक्टरांना दाखवावेच.

आणि जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिसं विषारी आहे, लहान मुलांना तर फारच घातक. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या; किंमतीत सूटही मिळते.

बैलाला पोळ्यापुरतंच खाऊ घालून वर्षभर काम होत नाही. बॅटरीचंही तसंच आहे. तिला उपाशी ठेवू नका, म्हणजे मृगाच्या सकाळी ती तुम्हाला दगा देणार नाही.