थकलेली घरपट्टी आणि दुसऱ्याचे घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ही पैशाच्या व्यवहारावर काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण घरखर्चाची वही आपण सर्वजणी लिहितो. व्याज कोठून येते हे समजायला तेवढे गणित पुरते.

आपल्यापैकी पुष्कळजणींची मुले, पुतणे, भाचे अमेरिकेत आहेत. तिकडे दुसऱ्याच्या थकलेल्या घरपट्टीत पैसे गुंतवले की 18 टक्के व्याज मिळते, असे हल्ली कानावर येते. माझ्या पुतण्याने मला ही रीत समजावून सांगितली, तीच आज सांगते.

तिकडच्या शाळा आणि रस्ते बऱ्याच अंशी घरपट्टीवर चालतात. ती थकली म्हणून गावाचा खर्च थांबत नाही. म्हणून न्यू जर्सी, फ्लोरिडा अशा काही राज्यांत त्या थकबाकीवरचा हक्क लिलावात विकतात. आता हे लिलाव अनेक ठिकाणी संगणकावर, घरबसल्या होतात. घेणारा थकलेली रक्कम भरतो. घरमालकाने पुढे ती फेडली की घेणाऱ्याला व्याजासह परत मिळते. म्हणजे तो घर घेत नाही, घरावरचे देणे घेतो.

आपल्या भाजीच्या लिलावात बोली चढते, येथे ती उतरते. या दोन्ही राज्यांत सुरुवात 18 टक्क्यांपासून, आणि जो सर्वांत कमी व्याजावर राजी होईल त्याला हक्क मिळतो. 3,000 डॉलरवर 18 टक्क्यांनी वर्षाचे 540 होतात. बोली 5 टक्क्यांवर आली की 150. मोठ्या कंपन्याही बोलीला बसलेल्या असतात. शिवाय जमीन दलदलीची किंवा घर पडके निघाले, तर मालक ते सोडवायला येतच नाही आणि पैसे अडकतात. मालकाने फेडले नाही, तर न्यू जर्सीत साधारण दोन वर्षांनी न्यायालयात जावे लागते. तो खर्च वेगळा.

आता दुसरी बाजू. घरपट्टी थकते कोणाची? बहुधा आजारी, एकट्या, वृद्ध माणसाची. मिनेसोटा राज्यात जेराल्डीन टायलर या वृद्ध बाईंची सुमारे 2,300 डॉलर घरपट्टी थकली. व्याज-दंड धरून देणे 15,000 झाले. तेथे हक्क विकत नाहीत, सरकारच घर घेते. त्यांचे घर 40,000 ला विकून उरलेले 25,000 ही सरकारने ठेवून घेतले. 2023 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की सरकारने आपले देणे घ्यावे, त्याहून अधिक नाही. तेव्हा बाई 94 वर्षांच्या होत्या.

म्हणून मुलांना सांगा: जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि त्या राज्याचा कायदा वाचल्याशिवाय बोली लावू नका. खात्रीचे 18 टक्के सांगून फी मागणाऱ्यापासून दूर राहा. आणि त्या घरात कोणी राहते का, हेही विचारा.

आपल्याकडे असा हक्क विकत नाहीत; पण घरपट्टी थकली तर जप्ती येतेच. यजमान गेल्यावर कितीतरी घरांची बिले त्यांच्याच नावावर येत राहतात. नाव लावून घ्या, पावत्या एका पिशवीत ठेवा. शेजारी एखादी आजी एकटी असेल, तर तिची नोटीस तिला वाचून दाखवा. मंडळाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.