फ्रान्सचा शेतकरी आणि सुप्याचा शेतकरी

(उजनीकाठच्या एका गावी वाचनालयात झालेले व्याख्यान)



युरोपातील राज्यक्रांत्यांपासून महायुद्धापर्यंतचा इतिहास सांगा, अशी मंडळाची आज्ञा झाली आहे. विषय सव्वाशे वर्षांचा आणि वेळ तासाभराचा. शाळेच्या पुस्तकात हा इतिहास राजे, सेनापती आणि तह यांनी गच्च भरलेला असतो. मुले ती नावे पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मी मास्तर असूनही त्यांना दोष देत नाही. नेपोलियनची टोपी कशी होती हे कळून नांगर धरणाऱ्याला काय करावयाचे आहे? म्हणून आज राजे बाजूला ठेवतो आणि एका वस्तूची हकिकत सांगतो. ती वस्तू म्हणजे कागद.

१७८९ सालचा फ्रान्सचा शेतकरी कसा होता? राजाला सारा, धर्मगुरूला उत्पन्नाचा दशांश, जमीनदाराला खंड आणि वर वेठ. कित्येक ठिकाणी दळण जमीनदाराच्याच चक्कीत दळावे आणि पाव त्याच्याच भट्टीत भाजावा, असा दंडक होता. त्याचेही पैसे मोजावे लागत. सरदार आणि धर्मगुरू यांना मात्र साऱ्याची बहुतेक माफी. १७८८ च्या उन्हाळ्यात गारपिटीने पीक झोडपले, पाव महागला, आणि इकडे राजाचा खजिना रिकामा. तेव्हा राजाने सभा बोलावली आणि गावोगावच्या लोकांनी आपली गाऱ्हाणी वहीत लिहून पाठवावी असे फर्मावले. ज्याला कधी कोणी विचारले नव्हते, त्याला प्रथमच कोणी विचारले. गावातल्या लिहित्या माणसाने लिहावे आणि बाकीच्यांनी सांगावे, अशा हजारो वह्या भरल्या.

१४ जुलैला पॅरिसच्या लोकांनी बॅस्टिलचा किल्ला घेतला, हे पुस्तकात असते. खेड्यांत काय झाले ते थोडक्यात आटोपलेले असते. सरदारांनी आपले पीक जाळण्यासाठी लुटारू सोडले, अशी हूल उठली आणि लोक कोयते, दाताळी घेऊन बाहेर पडले. लुटारू आलेच नाहीत. मग जमाव जमीनदारांच्या गढ्यांवर गेला. काही गढ्या जळाल्या हे खरे. पण जागोजाग लोकांनी आधी मागितले ते दप्तर! कोणाकडून किती खंड, किती वेठ, हे ज्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले होते, त्या चोपड्या चौकात आणून त्यांची होळी केली. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रसभेत सरदार उठून उठून आपले हक्क सोडू लागले, आणि सरंजामशाही नष्ट झाली, असा पुकारा झाला.

पण मंडळी, खाली बारीक अक्षर होते. वेठबिगारी गेली, दशांशही गेला. जमिनीवरचा खंड मात्र विकत घेऊन सोडवावा, असे ठरले. १७९० च्या कायद्याने भावही बांधला: रोख खंडाची वीस पट, धान्याच्या खंडाची पंचवीस पट. एवढा पैसा कुणब्याने आणावा कोठून? त्याने तो दिलाच नाही. चार वर्षे तो अडून राहिला, तेव्हा १७ जुलै १७९३ रोजी सारा खंड मोबदल्याशिवाय रद्द झाला आणि ते जुने कागद जाहीर रीतीने जाळावे, असा हुकूम निघाला. चार वर्षांपूर्वी जो गुन्हा होता, तो सरकारी कायदा झाला!

बलुतेदार बंधूंनी येथे कान द्यावा. ही क्रांती सर्वांना सारखी पावली नाही. १७९१ साली पॅरिसच्या सुतारांनी एकजूट करून मजुरी वाढवून मागितली. त्यावर त्याच राष्ट्रसभेने जूनमध्ये कायदा केला की कारागिरांनी मजुरीसाठी संघ करू नये. संघ करण्याची पुरती मोकळीक मिळावयाला १८८४ साल उजाडले. आणि माय-भगिनींनो, पावासाठी भर पावसात पॅरिसहून व्हर्सायला चालत जाऊन राजाला राजधानीत आणले ते ऑक्टोबर १७८९ मध्ये बायांनी. त्यांना मताचा हक्क मिळाला १९४४ साली. पुरुषांनी किती पिढ्या विचार केला, तो हिशेब तुम्हीच करा.

आता आपल्या भीमेकडे या. पलीकडच्या इंदापूर तालुक्यात १८३६ साली नवी मोजणी होऊन तीस वर्षांच्या मुदतीने आकार बसला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी माजली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. आगगाडीही नुकतीच आली होती. डिकसळचा जुना पूल त्याच काळचा. पैसा खेळू लागला, सावकार बोलावून कर्ज देऊ लागला. युद्ध थांबले, भाव कोसळला. आणि नेमकी तेव्हाच तीस वर्षांची मुदत संपून सारा वाढला. शेतकरी दोहोंच्या मध्ये सापडला.

त्यात कायद्याची एक गंमत पाहा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाचे रक्षण व्हावे हा. परंतु सावकाराने दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घ्यावयास आरंभ केला. अंगठा करणाऱ्याला वाटे, जुनेच खाते आहे. दावा लागला की बापडा कोर्टात जात नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. जमीन कोणी लुटून नेली नाही हो. ती लिहून नेली.

१२ मे १८७५ रोजी सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक उठले. त्यांनी सावकाराकडे काय मागितले? कर्जरोखे! ज्याने कागद मुकाट्याने दिले त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. या लोकांनी फ्रान्सचे नाव ऐकले असेल असे मला वाटत नाही. ज्याला कागद वाचता येत नाही आणि कागदानेच ज्याची मान आवळली जाते, तो कोठेही हेच करील.

शेकडो लोक पकडले गेले. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा केला. पुणे, सातारा, नगर आणि आपला सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कोर्टाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती ते तपासावे, आणि शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, हे त्यातले मुख्य कलम.

जोतीराव फुले यांनी मात्र फ्रान्सची हकिकत वाचली होती. त्या क्रांतीची बाजू घेऊन टॉमस पेन याने लिहिलेला ‘मानवी हक्कां’वरील ग्रंथ त्यांच्या हाती तरुणपणीच पडला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी मागितले काय? बारा वर्षांपर्यंत सर्व मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. रोखा जाळला तर सावकार दुसरा लिहील; वाचणारे पोर घरात असले तर तो लिहिताना विचार करील.

रशियाचे दोन शब्दांत सांगतो. १८६१ साली तिथल्या भूदासांना मुक्ती मिळाली, पण जमिनीचे हप्ते मानेवर बसले. ते सुटले १९०५ च्या उठावानंतर. १९१७ च्या क्रांतीने जमीनदाराची जमीन शेतकऱ्याला दिली, आणि १९२९ पासून सरकारनेच ती सामुदायिक शेतीत ओढून घेतली. पुढे १९३२-३३ चा दुष्काळ, लक्षावधी माणसे मेली. मालक बदलला म्हणजे कुणबी सुटलाच असे समजू नका.

राहिले महायुद्ध. जून १९१४ मध्ये साराजेव्होला ऑस्ट्रियाचा युवराज मारला गेला, आणि त्यापायी आपली मराठी पोरे इराकात गेली. कूत-अल-अमारा येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी डिसेंबर १९१५ पासून वेढले. त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, अन्न संपून सुमारे तेरा हजार फौज शरण गेली. कैदेतील वाटचालीत कित्येक मेले. महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत त्या युद्धाची दगडी पाटी आहे: या गावातून इतके गेले, इतके पडले. नावे नाहीत, केवळ आकडा. युद्धाबरोबर फिरलेला तापसरीचा रोग १९१८ साली आला, त्याच्या बळींची तर पाटीही नाही.

आपल्याही गावांचे कागद झाले आहेत. धरणाचे काम १९६९ साली सुरू झाले, १९८० साली पुरे झाले. उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याच्या जमिनीचा निवाडा झाला. ज्याचे पोट वहिवाटीवर किंवा बलुत्यावर होते, त्याचे नाव उताऱ्यावर कोठून असणार? आजही कित्येक घरांत ते निवाडे, नोटिसा, धरणग्रस्ताचे दाखले पेटीच्या तळाशी न वाचता पडले आहेत. दर रविवारी सायंकाळी मी शाळेच्या ओट्यावर बसतो. ते कागद घेऊन या, आणि घरातले सातवीच्या पुढचे पोर, मग ती मुलगी का असेना, सोबत आणा. वाचावयाचे त्याने, मी नुसता शेजारी बसेन.