‘टेक ऑफ’ आणि ‘काढणे’

बेंगळुरूच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर होसकोटे हे गाव आहे. होसकोटे म्हणजे कन्नडमध्ये नवा किल्ला. १६३८ साली आदिलशाही फौजेने बेंगळूर घेतले. पुढे त्या परिसराबरोबर होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्या मुलखात मराठी कन्नडच्या शेजाराने नांदू लागली. अशा गावातील मराठी मूल घरी मराठी, अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलते. ‘टेक ऑफ’ हा इंग्रजी प्रयोग त्याच्यापुढे येतो, तेव्हा तीन भाषांच्या रीती एकमेकींसमोर उभ्या राहतात.

‘टेक’ म्हणजे घेणे. मग ‘टेक ऑफ युवर शूज’ याचा अर्थ ‘बूट काढ’ असा का व्हावा? त्याचे उत्तर ‘ऑफ’ या चिमुकल्या शब्दात आहे. पृष्ठभागापासून सुटणे हा त्याचा मूळ भाव. पायांतले बूट, अंगातला कोट, भांड्यावरचे झाकण यांना म्हणून ‘टेक ऑफ’ चालते. खिशातला रुमाल आतून बाहेर येतो, म्हणून तेथे ‘टेक आउट’; समोरचे ताट दूर न्यायचे, तर ‘टेक अवे’. जमीन सोडणारे विमानही ‘टेक ऑफ’च करते. शेजारच्या देवनहळ्ळीस २००८ साली विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून होसकोट्याच्या मुलांना हा अर्थ आकाशाकडे पाहूनही कळावा. या प्रयोगाचा एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा लागतो. नाम ‘ऑफ’च्या आधी किंवा नंतर, कोठेही येते, सर्वनाम मध्येच बसते. ‘टेक देम ऑफ’ हे शुद्ध, ‘टेक ऑफ देम’ हे अशुद्ध.

मराठीत हे काम दुसरे क्रियापद करते. देवळाच्या पायरीशी चपला ‘काढून ठेवतात’, कारण त्या पुन्हा घालावयाच्या असतात. फाटलेले पान ‘काढून टाकतात’. खोडकर मुलाच्या हातातली काठी ‘काढून घेतात’. म्हाताऱ्या आजोबांच्या पायांतले मोजे ‘काढून देतात’. कन्नडची घडणही अशीच आहे. ‘तेगे’ म्हणजे काढ; त्याला हाकु, म्हणजे टाक, किंवा इडु, म्हणजे ठेव, हे शब्द जोडले की ‘तेगेदुहाकु’ आणि ‘तेगेदिडु’ असे प्रयोग सिद्ध होतात. वस्तू कोठून सुटली, हे इंग्रजी सांगते. सुटल्यावर तिचे काय झाले आणि ते कोणासाठी झाले, हे मराठी व कन्नड सांगतात.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. एखाद्याचे नाव यादीतून ‘टेक ऑफ’ झाले, असे इंग्रजी कागद म्हणतो. मराठीत उतरवताना लेखणी क्षणभर थांबलीच पाहिजे. त्याने आपले नाव ‘काढून घेतले’, की इतरांनी ते ‘काढून टाकले’? पहिल्यात त्याची इच्छा आहे, दुसऱ्यात कदाचित त्याच्यावर अन्याय आहे. केवळ शब्दकोश उघडून हा निर्णय होत नाही. मूळ हकिकत जाणून घ्यावी लागते.

म्हणून इंग्रजी शिकताना ‘ऑफ’कडे लक्ष द्यावे, आणि मराठी लिहिताना ‘टाकणे’, ‘ठेवणे’, ‘घेणे’, ‘देणे’ यांकडे. मुख्य क्रियापदामागून येणारा हा लहानसा शब्दच पुष्कळदा वाक्याचा खरा अर्थ वाहून नेत असतो.