शब्दांचेही पथ्य
(आरोंदा येथे न्यासाच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत आम्ही दरवर्षी वाढीचे आकडे आपल्यापुढे ठेवतो. या वर्षीच्या ताळेबंदात मात्र जमेची एक रक्कम घटलेली आपणांस दिसेल. गुडघेदुखीच्या रुग्णांना देण्यात येणाऱ्या इंजेक्शनांपासूनचे हे उत्पन्न होते. ते आपोआप घटलेले नाही. ते आम्ही समजून-उमजून घटू दिले आहे. ज्यांच्या देणग्यांवर हे रुग्णालय उभे आहे, त्यांना त्यामागचे कारण सांगणे हे आमचे कर्तव्य आहे.

चतुर्थीच्या दिवसांत चाकरमानी गावी येतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची दुखणी-खुपणी त्यांच्या नजरेस पडतात. ही वेळ साधून आम्ही गुडघेदुखीचे शिबिर जाहीर केले आणि त्याचे पत्रक छापून घेतले. रुग्णाचेच थोडे रक्त काढायचे, ते यंत्रात फिरवून त्यातील प्लेटलेट अधिक असलेला भाग वेगळा करायचा आणि तो सांध्यात टोचायचा, असा हा उपचार आहे. पत्रकात आम्ही लिहिले होते : 'शस्त्रक्रियेविना नवा गुडघा', 'झिजलेली कूर्चा पुन्हा वाढते', 'दुष्परिणाम शून्य'. हा मजकूर आमच्याच कार्यालयात तयार झाला, आम्हीच तो वाचला आणि आम्हीच छापण्यास संमती दिली. दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

शिबिरात एक वृद्ध माउली आल्या. आयुष्यभर मासळीची पाटी डोक्यावर वाहिलेल्या. पदरात बांधून आणलेले पैसे त्यांनी टेबलावर ठेवले. मुदत पुरी होण्याआधीच ठेव मोडून आणलेले ते पैसे होते. मग पत्रकाची घडी उलगडून त्यांनी एवढेच विचारले, "डॉक्टरानूं, कागदार लिवललां तां खरां मां?"

त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असे होते. त्यांच्या क्ष-किरण चित्रात सांध्यातील पोकळी जवळजवळ नाहीशी झालेली होती. तेथे नवी कूर्चा उगवेल, असे कोणत्याही विश्वासार्ह अभ्यासातून सिद्ध झालेले नाही. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या एका काटेकोर चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत सौम्य ते मध्यम झीज असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना ही इंजेक्शने आणि निम्म्यांना साधे मिठाचे पाणी टोचण्यात आले. आपल्याला काय टोचले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. वर्षानंतर वेदनेत किंवा कूर्चेच्या झिजेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. या उपचाराने काहींना काही काळ बरे वाटते, असे सांगणारे अभ्यासही आहेत आणि त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु 'काहींना काही काळ बरे वाटू शकेल' हे एक वाक्य आणि 'नवा गुडघा' हे दुसरे. या दोहोंमधील अंतर त्या माउलीच्या ठेवीने भरून निघणार होते. आम्ही पैसे परत केले, व्यायाम शिकवले आणि पुढील सल्ल्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठविले. उरलेली पत्रके त्याच संध्याकाळी बाजूला काढली. वाटून झालेली मात्र परत घेता आली नाहीत, याची खंत आम्हांला आहे.

श्रोतेहो, मूळ पेशींचे शास्त्र थोतांड नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रक्ताच्या कर्करोगाच्या आणि थॅलेसेमियाच्या अनेक रुग्णांना या उपचाराने नवे आयुष्य दिले आहे. अडचण निर्माण होते ती पुढच्या पायरीवर. रक्ताच्या विकारांत सिद्ध झालेली गोष्ट जाहिरातीत हळूच मेंदूच्या, मज्जारज्जूच्या, स्वमग्नतेच्या आणि मधुमेहाच्या नावावर मांडली जाते. एका आजाराचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. २०१३ साली परिषदेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकातून 'उपचार' हा शब्दच वगळला आणि केवळ 'संशोधन' ठेवला. २०१७ च्या सुधारित तत्त्वांनुसार, मान्यताप्राप्त रक्तविकारांतील प्रत्यारोपण सोडल्यास मूळ पेशींचा अन्य वापर मंजुरी मिळालेल्या वैद्यकीय चाचणीतच करता येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळानेही २०२२ मध्ये स्वमग्नतेवर असा उपचार करण्याची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले.

'तुमच्याच शरीरातील पेशी, म्हणून धोका नाही' हे वाक्य आपण अनेकदा ऐकले असेल. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तीन वृद्ध महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचण्यात आल्या. तिघींचीही दृष्टी गंभीररीत्या गेली. २०१७ साली हे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपले असलेले सर्वच निर्धोक असते, असे नाही. जागा बदलली की गुणही बदलतो.

आपल्याकडे कायदा जुनाच आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा. त्याच्या परिशिष्टातील ५४ विकारांत कर्करोग, मधुमेह, पक्षाघात, अपस्मार यांच्याबरोबर संधिवातही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमचे पत्रक यांपैकी कशाच्या कक्षेत येत होते, हा प्रश्न वकिलांचा. आमच्यापुढचा प्रश्न त्या माउलीने विचारला होता, आणि त्याला कायद्याचे कलम लागत नव्हते.

म्हणून विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही स्वतःवर काही बंधने घालून घेतली आहेत. रुग्णालयाच्या कोणत्याही पत्रकात 'हमखास', 'शंभर टक्के', 'नवा अवयव' हे शब्द येणार नाहीत. उपचाराचा लाभ लिहिताना त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत त्याची मर्यादा आणि खर्चही लिहिला जाईल. बऱ्या झालेल्या रुग्णाचे छायाचित्र वा मनोगत जाहिरातीसाठी वापरले जाणार नाही. गुडघ्याचे दुखणे मुळातच भरती-ओहोटीसारखे असते. रुग्ण भरतीच्या वेळी आमच्याकडे येतो, ओहोटी आपोआप लागते आणि श्रेय इंजेक्शनाला मिळते. शिवाय प्रत्येक मजकूर छापण्यापूर्वी, त्या विभागाशी आर्थिक संबंध नसलेला एक डॉक्टर आणि एक ग्रामस्थ वाचेल. ग्रामस्थाला त्यातून जे समजले, तोच त्या मजकुराचा खरा अर्थ, असे आम्ही मानू.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची हात जोडून विनंती आहे. तेरेखोल ओलांडून गोव्यात जा, मुंबईला जा, जेथे चांगला उपचार मिळेल तेथे अवश्य जा. परंतु जमीन वा दागिना मोडण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. हा उपचार मान्यताप्राप्त आहे की प्रायोगिक? प्रायोगिक असेल, तर भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत त्याची नोंद कोणत्या क्रमांकाने आहे? नीतिसमितीची मंजुरी आहे काय? आणि प्रयोग असेल, तर त्याचे पैसे आमच्याकडून का घेता? उत्तरे लेखी मागा. नोंद तपासून देण्याचे काम आमचे कार्यालय विनामूल्य करील, मग तो रुग्ण आमचा असो वा नसो.

ज्या घरात मूल बोलत नाही किंवा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला आहे, त्या घराला आशा सोडा असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण त्या आशेला दर लावून विकण्याचा अधिकारही कोणाला नाही.

देणगीदारांनो, घटलेल्या रकमेचा उल्लेख आम्ही आरंभी केला. ती तूट भौतिकोपचार विभागाच्या वाढत्या कामाने भरून निघणार नाही, कारण व्यायाम शिकविण्याचे आम्ही फारसे शुल्क घेत नाही. ती भरून काढावयाची तर आपल्याच औदार्यातून. हे मागताना आम्हांला संकोच वाटत नाही. खरे बोलण्याचा खर्च रुग्णाच्या गाठीला पडू नये, एवढीच त्यामागची भूमिका आहे.

त्या माउली अधूनमधून व्यायामासाठी येतात. दुखणे पूर्ण गेलेले नाही, काठीही सुटलेली नाही. आमच्या नव्या पत्रकावर असेच लिहिलेले आहे : 'दुखणे कमी होऊ शकते, काठी सुटेलच असे नाही.' आता कोणी घडी उलगडून तोच प्रश्न विचारला, तर 'होय, खरे आहे' असे उत्तर आम्ही देऊ शकतो.